बिळावरून उंदीर ओळखणे : काळी जमीन, माळ आणि बांध

माळावरचा (धागालेखक)

शेतात बीळ दिसलं की ते ‘उंदराचं’, आणि जरा ऐसपैस असलं की ‘सापाचं’. आपली बिळांची जातवारी इथंच संपते. साप बीळ खणत नाही. नाग असो की धामण, उंदराच्या तयार घरात शिरतो, बहुतेकदा घरमालकाला गिळूनच. आणि उंदीर म्हणाल तर पठारावरच्या एका गावच्या शिवारात पाच-सहा जाती सहज निघतात. ओलिताचं रान, काळी जमीन, मुरमाड माळ, कुंपणाची जाळी अशी वाटणी त्यांनी आपसात करून घेतलेली असते.

प्राणी रात्रीचा, नजरेस पडतो क्वचित. पण दार आणि दाराशी पडलेली माती रोज दिसते. ती वाचता आली तर आत कोण आहे हे पिंजरा न लावता बऱ्यापैकी खात्रीनं सांगता येतं. सोप्यापासून सुरुवात करतो, बाकीच्यांनी भर घालावी.

कोक (बँडिकोटा बेंगालेन्सिस). कोणी याला छोटी घूस म्हणतात. उसाचा फड, भाताचा बांध, पाटाची कड, थोडक्यात जिथं माती ओल धरते तिथं हा. खूण पक्की आहे: सकाळी बांधावर ताज्या भुसभुशीत मातीचा ढीग, आणि भोक मात्र कुठंच नाही. भोक ढिगाखाली असतं, आतून मातीचं बूच मारलेलं. कोक घरात असला की दार लावून घेतो. ढिगाची माती आजूबाजूच्या मातीपेक्षा गडद दिसते आणि मुठीत धरली तर थंड लागते, कारण ती रात्रीच खालून वर आलेली असते. दुपारपर्यंत वाळून ती बांधाच्या रंगाची होते आणि नव्या-जुन्या ढिगातला फरक पुसला जातो. म्हणून पाहणी सकाळी नऊच्या आत.

एका घराचे तीन-चार ढीग असू शकतात. चार ढीग म्हणजे चार कोक असा हिशेब करू नये. मोठा कोक एकलकोंडा. एका बिळात सहसा एकच, नाहीतर पिल्लांसह मादी.

आत फाटे फुटलेले बोगदे, वाळक्या पाल्याचं घरटं आणि एक-दोन कोठारं. पीक दाण्यात आलं की लोंब्या तोडून, आखूड तुकडे करून कोठारात रचतो. एका बिळातून पाव किलोपासून किलोभर धान्य निघणं नवलाचं नाही.

---

काळीमाती

चांगला धागा. घूस आणि कोक यांत लोक फार घोळ घालतात, तेवढं आधी मोकळं करू. गावातल्या गटाराशी, गोठ्याच्या पायाशी, उकिरड्याजवळ खणते ती मोठी घूस, बँडिकोटा इंडिका. पूर्ण वाढलेली किलोच्या आसपास जाते, पाठीवर लांब काळे राठ केस. कोक तिच्या पाव-तिसऱ्या हिश्शाएवढा, तोंड आखूड आणि बोथट, शेपटी डोकं-धडापेक्षा आखूड. डिवचला की केस फुलवून डुकरासारखा गुरगुरतो. तेलुगूत याच गोतावळ्याला ‘पंदिकोक्कु’ म्हणतात, म्हणजे डुक्करउंदीर. इंग्रजांचा ‘बँडिकूट’ शब्द तिथूनच गेला, आणि पुढं तो ऑस्ट्रेलियातल्या एका पिशवीवाल्या प्राण्याला चिकटला. त्याचा आपल्या घुशीशी काडीचा संबंध नाही.

---

निवडुंग

माळाची बाजू मी मांडतो.

जर्बिल (टॅटेरा इंडिका). हलकी, वाळूमिश्रित किंवा मुरमाड जमीन, निवडुंगाचं किंवा बोरीबाभळीचं कुंपण, पडीक रान. अंगानं फिकट तपकिरी, पोट पांढरंशुभ्र, डोळे टपोरे, शेपटी अंगापेक्षा लांब आणि टोकाला गडद केसांचा गोंडा. मागचे पाय लांब, त्यामुळं बॅटरीच्या उजेडात पळत नाही, उड्या मारत जातो.

याची दारं उघडी असतात. कोकाच्या नेमकं उलट. तोंड साधारण कटिंगच्या ग्लासाएवढं, कडा ये-जा करून गुळगुळीत झालेल्या, आणि खणलेली माती एका बाजूला पंख्यासारखी पसरलेली. दारापासून दारापर्यंत गवतातून पायवाट पडलेली दिसते. दारं पुष्कळ, आत एकमेकांना जोडलेली. काही फाटे जमिनीच्या पृष्ठभागाला अगदी टेकून थांबलेले असतात. वर मातीचा पातळ पापुद्रा तेवढा. कोल्ह्यानं किंवा माणसानं एका बाजूनं खणायला घेतलं की जर्बिल तो पापुद्रा डोक्यानं फोडून दुसरीकडून बाहेर. नवखा माणूस उघड्या दारांवर नजर ठेवून बसतो आणि उंदीर त्याच्या पाठीमागून जातो.

हातात धरायची वेळ आलीच तर शेपटीला धरू नका. शेपटीची कातडी सोलून हातात येते. सुटकेची युक्ती आहे ती, पण उरलेली शेपटी वाळून गळते आणि जनावर लांब उडीतला तोल गमावतं.

---

नवशिका_२२

एक प्रश्न. माळावर खडकाळ जागी एक बारकं भोक दिसलं, दहाच्या नाण्याएवढं. तोंडाशी हरभऱ्याएवढे खडे नीट गोळा केलेले. पोरांचा खेळ, की मुंग्यांचं काम?

---

निवडुंग

उंदराचंच काम, आणि या धाग्यातली सगळ्यात सुंदर खूण. हा मस प्लॅटिथ्रिक्स, चपट्या राठ केसांचा छोटा उंदीर. दार खड्यांनी लावून घेतो आणि जादा खडे बाहेर रचून ठेवतो. एवढंच नाही, आतल्या खोलीतही खड्यांचं अंथरूण असतं आणि त्यावर तो बसतो.

वॉल्टर एलियट या ब्रिटिश अधिकाऱ्यानं धारवाड भागातल्या प्राण्यांची यादी १८३९ साली छापली, त्यात हे वर्णन आहे. पोटावरचे दाट चपटे केस त्याला गार, टोचऱ्या खड्यांपासून वाचवत असावेत असंही त्यानं सुचवलंय. गोलुंडा एलिओटी या झुडपी उंदराला नाव मिळालंय ते याच एलियटचं.

मुंग्यांच्या वारुळाशी गल्लत टाळायची तर दाण्यांचा आकार बघा. मुंगी रवाळ माती काढते आणि भोकाभोवती गोल कडं करते. हरभऱ्याएवढा खडा तिच्या आवाक्यातला नाही.

त्याचाच भाऊ मस बुडुगा, शेताच्या बांधावरचा. जेमतेम दहाएक ग्रॅमचा. भोक बोटभर रुंद, बाहेर बारीक मातीची छोटी रास, खडे नाहीत. दोघं जवळजवळ राहतात, पण एक मऊ बांध निवडतो आणि दुसरा खडकाळ माळ.

---

पाटकरी

आता बीळ चालू की ओस, हे तपासायची रीत. कोणत्याही मोजणीचा पाया हाच, आणि चुकाही इथंच होतात.

उघड्या दारांच्या बिळांसाठी: दुपारी चार-पाचला सगळी तोंडं ओल्या मातीनं हलक्या हातानं लिंपायची. प्रत्येकाशी एक काडी रोवायची, काडीला चिंधी. दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत फेरी. जी उघडली ती जिवंत बिळं. दगड ठोकून किंवा पायानं चेपून बंद करू नका. उंदीर शेजारून नवं तोंड काढतो आणि तुम्ही बीळ ‘ओस’ म्हणून लिहून बसता.

कोकासाठी उलटं करायचं. ढीग बाजूला सारा, बूच काढा आणि तोंड उघडं टाका. आत कोक असेल तर सकाळी ते पुन्हा बंद झालेलं असतं. उघडंच राहिलं तर घर रिकामं. लोक दोन्ही प्रकारांना एकच रीत लावतात, म्हणून कोकाची सगळी शेतं कागदावर रिकामी दिसतात.

लागोपाठ दोन रात्री करा. एका रात्रीच्या निकालावर विसंबू नका: पाऊस, मेंढरांचा कळप, रात्रीचं पाणी यांतलं काहीही गणित बिघडवतं. घोरपड किंवा मुंगूस खणून गेलं असेल तर तोंड वेडंवाकडं, रुंद, आणि कडेला नखांचे ओरखडे. ते जिवंत बिळात धरायचं नाही, आतला बहुधा गेलेला असतो.

शेवटी, मोजलेली तोंडं ही उंदरांची संख्या नव्हे. आठवड्यागणिक, ऋतूगणिक वाढ की घट, एवढंच त्यातून कळतं, आणि तेवढं पुरे असतं.

---

भेगाळ

काळ्या भारी जमिनीचा प्रश्न. उन्हाळ्यात शेतात एकही बीळ नव्हतं, ना ढीग ना भोक. पेरणी झाली आणि चौथ्या दिवशी ओळीच्या ओळी उकरून बी खाल्लेलं. हे उंदीर बाहेरून आले म्हणायचं?

---

काळीमाती

बाहेरून नाही. ते तुमच्या शेतातच होते, बिळाशिवाय.

हा मऊ केसांचा उंदीर, मिलार्डिया मेल्टाडा. ‘मेल्टाडा’ हे वडार लोकांच्या ‘मेट्टाड’ या शब्दावरून आलेलं. बीळ खणायचा याला मोठा कंटाळा. झुडपाच्या मुळाशी ओबडधोबड भोक, बांधावरच्या दगडांचा ढीग, कोकानं सोडलेलं जुनं घर, काहीही चालतं. आणि काळ्या जमिनीत सगळ्यात आवडती जागा म्हणजे उन्हाळ्यातल्या भेगा. काळी माती सुकताना आक्रसते, हातभर खोल फाटते. खाली गारवा, वर ससाण्याची नजर पोचत नाही, आणि खणायला शून्य कष्ट. जोडीनं किंवा पाच-सहाच्या टोळीनं राहतो. भेगेच्या काठावर कुरतडलेल्या दाण्यांची टरफलं आणि बारीक लेंड्या, एवढीच खूण.

आता यातली मेख. दरवर्षी पहिला जोरदार पाऊस झाला की माती फुगते, भेगा मिटतात, कडा ढासळतात. आत असलेले हजारोंनी गाडले जातात. शेतकऱ्याचं यात काही कर्तृत्व नसतं. जमीनच छाटणी करून देते. पण ज्या वर्षी मृगाचा पाऊस ओढ देतो, नुसता शिडकावा होतो, त्या वर्षी भेगा उघड्याच राहतात. उंदीर वाचतात, व्यायला लागतात, आणि नेमकी तेव्हाच पेरणी होऊन जमिनीत बी पडलेलं असतं.

एलियटनं १८२६ सालाची नोंद करून ठेवली आहे. सुरुवातीचा पाऊस कमी झाला आणि मेट्टाड इतके वाढले की पेरलेलं बी लगेच फस्त, पुढं ज्वारीच्या ताटांवर चढून कणसं तोडून खाली पाडली. शेतं उजाड झाली, सारा भरणं रयतेला जमेना. वडारांना उंदीर मारायला लावलं, डझनावारी मोजून मापानं धान्य दिलं, त्यांनी हजारोंनी मारले, तरी संख्येत फरक दिसला नाही. दुष्काळी सुरुवातीच्या वर्षी आजही हेच घडतं, फक्त ज्वारीच्या जागी सोयाबीन आलंय.

हाच उंदीर आहे याची खात्री करायची तर मेलेल्याचा मागचा तळवा उलटा करून बघा. घरउंदरांना तळव्यावर सहा गाद्या असतात, याला त्याहून कमी. आणि केस खरोखरच मऊ, सशासारखे.

---

भेगाळ

म्हणजे पेरणीआधी भेगा बुजवल्या तर?

---

काळीमाती

उन्हाळी नांगरट आणि मोगडणी वेळेत झाली तर वरच्या भेगा मोडतात आणि आसरा जातो. पण बांध तसाच दगडाधोंड्यांचा आणि गवतानं माजलेला राहिला तर सगळे बांधात सरकतात, पेरणीनंतर तिथून आत येतात. कडेच्या चार-पाच ओळी आधी खाल्लेल्या दिसल्या तर मुक्काम बांधात. मधे ठिगळं पडलेली दिसली तर भेगांत.

कोकासाठी बांधाची रुंदी महत्त्वाची. बांध फूटभर रुंदी-उंचीच्या आत ठेवला तर त्यात घरटं आणि कोठार बसत नाही. रुंद, गवताळ, कायम ओला बांध म्हणजे त्याला बांधून दिलेला वाडा.

---

झटपट

एवढा अभ्यास कशाला? प्रत्येक भोकात विषाची पुडी टाका आणि मोकळे व्हा.

---

पाटकरी

टाकून बघा, पण काय होतं ते आधी ऐका. झिंक फॉस्फाइड पोटातल्या आम्लाशी भिडलं की विषारी वायू होतो आणि उंदीर काही तासांत मरतो. पण ज्यानं थोडं चाखलं आणि नुसता आजारी पडला, तो त्या चवीच्या आमिषाला पुन्हा तोंड लावत नाही. म्हणूनच आधी दोन-तीन दिवस बिनविषारी भरडा देऊन चटक लावायची शिफारस असते. सरसकट पुड्या टाकणारे हीच पायरी गाळतात आणि मग ‘औषध बोगस’ म्हणतात. शिवाय कोकाच्या ढिगावर टाकलेली पुडी त्याला सापडतच नाही, ती चिमण्या-होले खातात. बूच काढून आत टाकावी लागते.

ब्रोमॅडिओलोनसारखं रक्त पातळ करणारं विष सावकाश, काही दिवसांनी मारतं. तोवर उंदीर मंदावलेला, उघड्यावर फिरणारा. घुबडाला आयता सापडतो आणि त्यानं खाल्लेलं विष घुबडाच्या यकृतात साठत जातं. फुकटात शेत राखणारा गडी आपणच मारायचा, हा कुठला हिशेब?

---

रातवा

घुबडाचा विषय निघालाच आहे तर एक उपयोगी रीत. शिवारात कोणकोणते उंदीर आहेत हे जाणायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे गव्हाणी घुबडाच्या गोळ्या. घुबड उंदीर सगळाच्या सगळा गिळतं आणि न पचलेली हाडं-केस गोळी करून तोंडावाटे टाकतं. ही विष्ठा नव्हे. जुनं देऊळ, पडका वाडा, विहिरीची कपार, जिथं त्याची बसायची जागा असेल तिथं खाली अंगठ्याएवढ्या काळपट गोळ्या पडलेल्या असतात. ताजी ओलसर चकचकीत, जुनी राखाडी.

हातमोजे आणि तोंडावर रुमाल. गोळ्या कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते. पाकिटावर जागा आणि तारीख. घरी आणून दोन दिवस डीप फ्रीजमध्ये ठेवल्या की आतल्या अळ्या मरतात. मग कोमट पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजवा आणि दोन चिमट्यांनी केस बाजूला करा. कोरडी गोळी फोडू नका: कवट्या चुरतात आणि धूळ नाकात जाते.

कवटी हाती आली की आधी दातांमधली फट बघा. पुढचे दोन पटाशीसारखे दात, मग मोकळी जागा, मग दाढा, असं असेल तर कुरतडणारा प्राणी. दातांची ओळ सलग आणि तोंड निमुळतं असेल तर चिचुंद्री. ती उंदीर नाही, किडेखाऊ आहे, आणि गोळ्यांत भरपूर सापडते. पुढच्या वरच्या दातांवर उभी खाच असेल तर जर्बिल किंवा झुडपी गोलुंडा. या दोघांत फरक दाढांचा: जर्बिलच्या दाढांवर आडव्या सरळ पट्ट्या, आणि कवटीखाली कानाचे फुगे मोठे. पुढचे दात रुंद, भगवे, कवटी दणकट तर कोक. कवटी नखाएवढी तर मस जातीचा.

मोजणी कवट्यांवरून करा, फासळ्यांवरून नाही. खालचे जबडे मोजत असाल तर डावे वेगळे, उजवे वेगळे. जो आकडा मोठा तो धरा. नाहीतर एकच उंदीर दोनदा मोजला जातो.

---

नवशिका_२२

गोलुंडाचं बीळ कसं असतं?

---

निवडुंग

त्याचा मुक्काम मुख्यतः गवतात आणि झुडपात. दाट गवतातून बोगद्यासारख्या वाटा पाडतो, गवत वर तसंच कमानीसारखं राहतं. हातानं गवत फाकवलं की खाली वाट लख्ख साफ दिसते आणि जागोजागी लेंड्यांचे पुंजके. घरटं गवताचा गोळा, झुडपाच्या बुंध्याशी. कुरण जळलं किंवा सगळं कापून नेलं की हा त्या जागेवरून नाहीसा होतो, जर्बिल मात्र तिथंच टिकतो.

झाडावर चढणारा लांब शेपटीचा बारका उंदीर वेगळा, वँडेल्यूरिया. त्याच्या पायाच्या कडेच्या बोटांना नख्यांऐवजी चपटी नखं असतात आणि लांब शेपटीचा आधार घेऊन तो बारीक फांदीवरही चालतो. त्याला जमिनीवर शोधण्यात अर्थ नाही.

---

रांगोळी

बीळ सापडत नसेल तर पाऊल घ्या. गुळगुळीत फरशीचा तुकडा, त्यावर चाळलेली रांगोळी कागदाएवढ्या जाडीनं. जाड थर दिला की कडा ढासळून ठसा बुजतो. मधे शेंगदाण्याचं कूट चिमूटभर. संध्याकाळी बांधाच्या कडेला ठेवायची, कारण उंदीर उघड्यावरून न जाता कडेकडेनं जातो. दव पडायच्या दिवसांत वर पत्र्याचा आडोसा.

पुढच्या पावलाला चार बोटं, मागच्याला पाच: उंदीर. दोन्हीला पाच-पाच: चिचुंद्री. मागचं पाऊल लांबट आणि ठशांच्या जोड्यांत मोठं अंतर: जर्बिल उड्या मारत गेलेला.

---

माळावरचा

उत्तम भर. सायाळीबद्दल कोणी लिहील का? तीही कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या याच गणातली.

---

रातवा

थोडक्यात. सायाळ (साळिंदर) टेकडीच्या उतारावर, कपारीत किंवा ओढ्याच्या दरडीत राहते. तोंड माणूस वाकून डोकावेल एवढं. दाराशी गळालेले काटे आणि कुरतडलेली हाडं असली की शंका नको. चुन्यासाठी आणि दात झिजवण्यासाठी ती हाडं, सांबराची गळलेली शिंगं चावते. जोडीनं राहते. काटे फेकून मारते ही निव्वळ थाप. ती पाठ करून मागं रेटते आणि काटे घुसतात. तिची शिकार गुन्हा आहे.

---

पाटकरी

सुरक्षिततेचं राहिलं. बिळात हात घालू नये: विंचू, साप दोन्ही. अनवाणी आणि पायाला जखम असताना उंदरांच्या ओल्या बांधावर जाऊ नये; लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंमुळं होणारा ताप) उंदराच्या मुतातून पाण्यात येतो.

आणि माळावर किंवा गावात एकाच वेळी पुष्कळ उंदीर मरून पडलेले दिसले, विष घातलेलं नसताना, तर उचलू नका. जर्बिल रानात प्लेगचा वाहक आहे. उंदराचं अंग गार पडलं की पिसवा त्याला सोडून दुसरं ऊबदार अंग शोधतात, आणि जवळ वाकलेला माणूस आयताच असतो. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगची लागण झाली, ती उंदीर पडण्यापासूनच कळली होती. अशा वेळी आधी आरोग्य केंद्राला कळवायचं. कुत्र्यांनाही त्या बाजूला सोडू नये.

---

नवशिका_२२

भाताच्या बांधावर एक भोक आहे, बाहेर ओल्या मातीच्या गोळ्या. ढीग नाही. कोक धरू?

---

काळीमाती

गोळ्या सुपारीएवढ्या, भोक आडवं लंबगोल आणि आतल्या भिंती चिखलानं सारवल्यासारख्या असतील तर तो खेकडा. बॅटरी मारा, तळाशी पाणी चमकेल. कोक पाण्यात पोहतो, पण पाण्यात घरटं करत नाही.